वडिलांची जीप आणि साठ हजारांची आयडीव्ही

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकांकडे त्यांच्या वडिलांची १९८९ सालची महिंद्रा एमएम ५४० आहे. वडील जाऊन दीड वर्ष झालं. तेव्हापासून त्यांनी साडेतीन लाख रुपये घालून जीप पुन्हा उभी केली. पत्रा, रंग, वायरिंग, नवा हूड, चारही टायर, पुढे इलेक्ट्रिक विंच असं सगळं काम झालं. मूळ इंजिन थकलं होतं, म्हणून गॅरेजवाल्याने महिंद्राचंच एमडीआय हे वेगळं डिझेल इंजिन बसवलं. आता महिन्यातून दोन-तीनदा मित्रांना घेऊन सह्याद्रीतल्या कच्च्या वाटांवर जायचं आहे. ऑनलाइन विम्याच्या साइट गाडीचं साल टाकलं की पुढे सरकत नाहीत. एक एजंट म्हणतो, एवढ्या जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्यांच्या नुकसानीपुरता विमा मिळेल. दुसरा फर्स्ट पार्टी, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीसह विमा द्यायला तयार आहे, पण आयडीव्ही, म्हणजे विम्यासाठी धरलेली गाडीची किंमत, ६० हजार लावतो, 'म्हणजे प्रीमियम कमी बसतो.' वाचकांचा प्रश्न असा की क्लासिक गाडी म्हणून काही सवलत मिळते का, आणि सगळ्यात स्वस्त विमा कोणता? पत्राच्या शेवटी ते लिहितात, 'आरसी अजून बाबांच्याच नावावर आहे, ते सावकाश करीन म्हणतो.'

नमस्कार,

तुमच्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करतो. आरसीचं काम सावकाश करून चालणार नाही. कुठला विमा स्वस्त, हा प्रश्न आरसी तुमच्या नावावर झाल्यानंतरचा आहे.

मोटार वाहन नियमांप्रमाणे मालक वारला, तर गाडी ज्याच्या ताब्यात येते त्याने ३० दिवसांत आरटीओला कळवायचं असतं आणि तीन महिन्यांच्या आत फॉर्म ३१ भरून गाडी आपल्या नावावर करायला अर्ज द्यायचा असतो. विम्याच्या पॉलिसीतही तसंच कलम आहे. विमाधारक वारल्यानंतर पॉलिसी तीन महिने किंवा तिची मुदत संपेपर्यंत, यातलं जे आधी येईल तोवरच वारसांच्या उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत दीड वर्ष उलटलं आहे. मधल्या काळात बाबांच्या नावाने थर्ड पार्टी 'रिन्यू' करून घेतली असेल, तर पैसे भरले गेले आणि कागद हातात आला, एवढंच. ऑनलाइन नूतनीकरण करताना मालक हयात आहे का, असं कुणी विचारत नाही. विचारलं जातं ते अपघात झाल्यावर, क्लेमच्या टेबलावर. तेव्हा 'सावकाश करणार होतो' हे उत्तर चालत नाही.

म्हणून आधी मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, बाकीच्या वारसांची ना हरकत आणि फॉर्म ३१ एवढं घेऊन आरटीओत जा. उशिराचा दंड लागेल, तो भरून टाका. जाताना आरसीवरची मुदत वाचा. १९८९ च्या खासगी गाडीची पहिली पंधरा वर्षं २००४ ला संपली. त्यानंतर दर पाच वर्षांनी पासिंग म्हणजे २००९, २०१४, २०१९ आणि २०२४. शेवटचं पासिंग झालं आहे की नाही, हे पत्रात नाही. झालं नसेल तर फॉर्म २५ भरून गाडी तपासणीला न्यावी लागेल. वीस वर्षांवरच्या हलक्या मोटारीची नूतनीकरण फी केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये वाढवून १० हजार रुपये केली आहे. जीएसटी, पर्यावरण कर आणि उशिराचा दंड याशिवाय. नवी नंबरप्लेट म्हणजे एचएसआरपी बसवली नसेल, तर तेही काम याच फेरीत उरकून घ्या. हा खर्च विम्याच्या हिशेबात धरायला हवा, कारण मुदत संपलेल्या नोंदणीवर घेतलेला विमा नुकसानीच्या वेळी फार कच्चा ठरतो. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चोरीला गेलेल्या एका गाडीचा क्लेम याच कारणावरून नामंजूर ठरवला. तिची तात्पुरती नोंदणी चोरीच्या आधीच संपलेली होती.

आता इंजिनाकडे येऊ. पत्रात तुम्ही ते एका वाक्यात सांगून पुढे गेलात, पण माझ्या मते तुमच्या विम्याचं खरं दुखणं हेच आहे.

एमएम ५४० ला मूळ इंजिन प्यूजोचं, एक्सडीपी ४.९०, २११२ सीसी डिझेल. तुमच्याकडे आता एमडीआय आहे, म्हणजे २५२३ सीसी. आरसीवर जुना इंजिन नंबर आणि जुनी सीसी, बॉनेटखाली वेगळा नंबर आणि वेगळी सीसी. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की कंपनीने ठरवून दिलेल्या आणि आरसीवर नोंदलेल्या गोष्टींपासून गाडी वेगळी होईल असा बदल मालकाने करायचा नाही. केरळमधल्या एका प्रकरणात जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या कलमाचा अर्थ चांगलाच कडक लावला. आपल्याकडे जुन्या जिपांमध्ये इंजिन बदलणं इतकं सर्रास चालतं की त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटतही नाही. गॅरेजवाल्यालाही वाटत नाही. क्लेमसाठी आलेला सर्व्हेअर मात्र सगळ्यात आधी चेसिस नंबर आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघतो.

तेव्हा इंजिन कुठून आलं त्याचं बिल, आणि ते दुसऱ्या गाडीतून काढलेलं असेल तर त्या गाडीचे कागद, गॅरेजवाल्याकडून आजच मागून घ्या. वर्षभराने ते सापडणार नाहीत. ते घेऊन आरटीओत लेखी अर्ज करा आणि इंजिन बदलाची नोंद आरसीवर घ्यायला सांगा. त्याच बनावटीचं, त्याच प्रकारचं इंजिन असतं तर काम सोपं होतं. तुमचं वेगळं आहे, त्यामुळे नकार येऊ शकतो. नकार आला तर दोनच रस्ते उरतात. २११२ सीसीचं इंजिन मिळवून बसवायचं (तुमचं जुनं गॅरेजमध्येच पडून असेल, तर ते भंगारात जाऊ देऊ नका, आधी त्याचं काम किती निघतं ते विचारा), किंवा स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा घ्यायचाच नाही. आरसीशी न जुळणाऱ्या जिपेवर फर्स्ट पार्टीचे पैसे भरत राहणं मला पटत नाही. प्रीमियम दरवर्षी जातो आणि क्लेमच्या वेळी नकाराचं कारण तयार असतं.

थर्ड पार्टीचं गणित थोडं वेगळं आहे. रस्त्यावरच्या माणसाला इजा झाली, तर न्यायालयं सहसा त्याला भरपाई मिळवून देतात. पण प्रपोजल फॉर्मवर तुम्ही खोटं लिहिलं असेल, तर कंपनी तोच पैसा पुढे तुमच्याकडून वसूल करू शकते. म्हणून फॉर्मवर इंजिन लपवू नका, कुणी कितीही सांगितलं तरी.

तुम्ही क्लासिक सवलतीचं विचारलं आहे. आपल्या नियमांत 'क्लासिक' असा वर्गच नाही. आहे तो 'विंटेज', आणि त्यासाठी गाडी ५० वर्षांपेक्षा जुनी लागते. तुमची जीप तिथे २०३९ नंतर पोचेल. शिवाय चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार केलेला नसावा अशी अट आहे, आणि ती आज तरी तुमच्याकडून पुरी होत नाही. पण हे सदर वाचणाऱ्यांत साठ-सत्तर सालच्या सीजे ३बी जिपा बाळगणारेही असतील, म्हणून त्यांच्यासाठी लिहितो. २०२१ च्या नियमांनुसार विंटेज नोंदणीची फी २० हजार रुपये, मुदत दहा वर्षं, नंतरच्या नोंदणीला ५ हजार. गाडी आधीच नोंदलेली असेल, तर मूळ नंबर कायम राहतो. विंटेज म्हणून नोंदलेल्या खासगी मोटारीला थर्ड पार्टीच्या प्रीमियममध्ये निम्मी सूट आहे. १ जून २०२२ पासूनच्या दराने १५०० सीसीवरच्या मोटारीचा थर्ड पार्टी प्रीमियम ७,८९७ रुपये, त्याचे निम्मे सुमारे ३,९५०. म्हणजे नोंदणीचे २० हजार पाच-सहा वर्षांत वसूल होतात. मात्र ती गाडी मग रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, दुरुस्ती, इंधन भरणं, एवढ्याचसाठी रस्त्यावर. ज्याला सीजे ३बी घेऊन दर शनिवारी डोंगरात जायचं आहे, त्याने चार हजारांसाठी ही नोंदणी करू नये.

आता तुमच्या मुख्य प्रश्नाकडे. 'जुन्या गाडीला फक्त थर्ड पार्टी मिळते' हे खरं नाही. तो त्या एजंटच्या सोयीचा भाग आहे. पाच वर्षांपुढच्या गाडीची आयडीव्ही कोष्टकातून येत नाही, ती कंपनी आणि मालक यांनी आपसांत ठरवायची असते. ऑनलाइन साइटला असं ठरवता येत नाही, म्हणून ती अडते. हे काम माणसासमोर बसून होतं. चार सरकारी विमा कंपन्यांच्या शाखा अजून जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. तिथे शाखाधिकाऱ्याला किंवा डेव्हलपमेंट ऑफिसरला भेटा. पहिल्या शाखेत नाही म्हणाले तर दुसरीकडे विचारा. जुन्या गाड्यांबाबत एकाच कंपनीच्या दोन शाखांची उत्तरं वेगवेगळी येतात.

दुसऱ्या एजंटची ६० हजारांची आयडीव्ही मात्र नीट समजून घ्या, कारण यातच बहुतेक लोक फसतात. आयडीव्ही कमी ठेवली तर फार तर चोरी झाल्यावर कमी पैसे मिळतील, असं सगळे धरून चालतात. नुकसान तिथे थांबत नाही. दुरुस्तीपोटी कंपनीला द्यावी लागणारी रक्कम आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेली, की गाडी 'टोटल लॉस', म्हणजे दुरुस्तीपलीकडे गेलेली धरली जाते.

आकडे घालून बघू. समजा घाटात जीप घसरून दरडीला लागली. पुढचा पत्रा, बंपर, लीफ स्प्रिंग, स्टिअरिंगचे रॉड असे धातूचे भाग ४० हजारांचे. टायर, होज पाइप, बॅटरी मिळून १० हजार. पुढची काच ६ हजार. मजुरी १८ हजार. एकूण बिल ७४ हजार. गाडी दहा वर्षांवरची असल्यामुळे धातूच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे २० हजार मिळतील. रबर, टायर-ट्यूब, बॅटरी यांवरही ५० टक्के, म्हणजे ५ हजार. काचेवर घसारा नाही, ६ हजार पूर्ण. मजुरी पूर्ण. झाले ४९ हजार. त्यातून १५०० सीसीवरच्या गाडीचा सक्तीचा वजावटीचा हिस्सा २ हजार गेला. कंपनीने द्यायचे ४७ हजार.

आयडीव्ही ३ लाख असेल तर तुम्हाला ४७ हजार मिळतात, वरचे २७ तुम्ही घालता आणि जीप घरी येते. आयडीव्ही ६० हजार असेल तर तिचे ७५ टक्के म्हणजे ४५ हजार, आणि ४७ त्याच्या वर. गाडी टोटल लॉस! ५८ हजार तुमच्या हातात ठेवून कंपनी जीप भंगार म्हणून धरणार. जीप तुम्हीच ठेवतो म्हणालात तर भंगाराची किंमत त्यातून कापणार. साडेतीन लाख घालून उभी केलेली वडिलांची जीप ७४ हजारांच्या दुरुस्तीपायी कागदावर संपली. आणि हे वाचवून मिळवलं किती? जुन्या टॅरिफमध्ये दहा वर्षांवरच्या मोठ्या मोटारीचा ओन डॅमेजचा (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या विम्याचा) दर आयडीव्हीच्या साडेतीन टक्क्यांच्या आसपास होता. आता कंपन्या दर स्वतः ठरवतात, पण अंदाजापुरता तोच धरा. ६० हजारांवर २,१०० रुपये, ३ लाखांवर १०,५००. फरक वर्षाला ८,४०० रुपये, वर जीएसटी.

मग आयडीव्ही किती मागावी? साडेतीन लाख मागू नका. तुम्ही घातलेला खर्च म्हणजे गाडीची किंमत नव्हे. आज त्याच स्थितीतली, स्वच्छ कागदांची एमएम ५४० घ्यायला गेलात तर जे मोजावे लागतील, ती खरी आयडीव्ही. ती सिद्ध करायला इर्डाचा, म्हणजे विमा नियामकाचा परवाना असलेल्या मोटार सर्व्हेअरकडून मूल्यांकनाचा अहवाल करून घ्या. त्याच्या फीचा खर्च वाया जात नाही. अहवालाला कामाची सगळी बिलं जोडा आणि फोटो द्या. चारही बाजू, डॅशबोर्ड, खालून चेसिस, इंजिन आणि दोन्ही नंबर स्पष्ट दिसायला हवेत.

चेसिस नंबरची छाप पण घेऊन ठेवा. रंगकाम झालेल्या जिपांमध्ये इथेच अडतं, कारण चेसिसवर काळ्या रंगाचे दोन-तीन हात बसतात आणि कोरलेले आकडे भरून जातात. रॉकेलमध्ये भिजवलेल्या फडक्याने आधी ग्रीस काढा, मग पितळी तारेच्या ब्रशने हलक्या हाताने रंग उतरवा. पॉलिश पेपर किंवा ग्राइंडर तिथे लावू नका. घासलेल्या जागेचा नंबर 'बदललेला' वाटतो आणि मग आरटीओतही प्रश्न निघतात. पातळ कागद आकड्यांवर ताणून धरा, पेन्सिलीचं शिस आडवं फिरवा आणि वर पारदर्शक चिकटपट्टी लावा. तीन छापा काढा. एक आरटीओला, एक विमा कंपनीला, एक घरात. मग त्या जागेवर रंगाचा एकच पातळ हात द्या.

पॉलिसी हातात आली की त्यावरची आयडीव्ही, इंजिन नंबर, चेसिस नंबर, सीसी आणि आसनसंख्या तिथल्या तिथे वाचून बघा. विंच आयडीव्हीत धरली जात नाही. ती इलेक्ट्रिकल अॅक्सेसरी म्हणून वेगळी लिहावी लागते आणि तिच्या किमतीवर ४ टक्के प्रीमियम लागत आला आहे. पुढे लोखंडी बुलबार लावला असेल, तर तो काढून टाका. २०१७ च्या अखेरीस केंद्राने त्यावर बंदी घातली आहे.

प्रीमियम कुठे वाचवायचा आणि कुठे नाही, तेही सांगतो. ऐच्छिक वजावट ही चांगली जागा आहे. तिचं जुनं कोष्टक अजून बऱ्याच पॉलिसींत चालतं. प्रत्येक क्लेममधले ७,५०० रुपये स्वतः सोसायची तयारी दाखवली, तर ओन डॅमेजवर ३० टक्के सूट, पण कमाल २ हजार. १५ हजार सोसायचे म्हटलं तर ३५ टक्के, कमाल अडीच हजार. म्हणजे साडेसात हजारांचा जादा धोका फक्त पाचशे रुपयांसाठी. तुमच्यासाठी ७,५०० चा पर्याय बरा. ऑटोमोबाइल असोसिएशनच्या सभासदत्वावर ५ टक्के सूट असते, पण ती २०० रुपयांवर जात नाही, म्हणून तेवढ्यासाठी सभासद होऊ नका. एआरएआय या वाहन तपासणी संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण लावलं, तर अडीच टक्के, कमाल ५००. उघड्या जिपेला ते सवलत नसली तरी लावावं. घरात दुसरी मोटार असून १५ लाखांचा मालक-चालक वैयक्तिक अपघात विमा आधीच असेल, तर जिपेवर तो पुन्हा घ्यावा लागत नाही, तेवढे पैसे सरळ वाचतात. मालमत्तेच्या नुकसानीची मर्यादा साडेसात लाखांवरून ६ हजारांवर आणून शंभर रुपये वाचवता येतात, असं कुणी सुचवेल. ते मात्र करू नका. एखाद्याच्या नव्या मोटारीचा दरवाजा चेपला तरी ६ हजारांत भागत नाही.

झीरो डेप (घसारा न कापता भरपाई) आणि इंजिन प्रोटेक्शन ही जादा कवच तुमच्या सालाच्या गाडीला मिळणार नाहीत, ते मागण्यात वेळ घालवू नका. त्यामुळे ओढ्यातून जाताना एक गोष्ट लक्षात असू द्या. पाण्यात जीप बंद पडली, तर सेल्फ मारायचा नाही. हवेच्या वाटेने सिलिंडरमध्ये पाणी शिरलेलं असतं, डिझेल इंजिनात ते दाबलं जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. विम्याच्या भाषेत हे अपघाताचं नुकसान धरत नाहीत, नंतर तुमच्या हातून झालेलं धरतात, आणि ते वगळलेलं असतं. जीप ओढून बाहेर काढा, इंजेक्टर सोडून हाताने इंजिन फिरवा, पाणी निघू द्या, ऑइल बदला, मगच सुरू करा.

तुम्ही मित्रांना घेऊन जाणार आहात, म्हणून पुढचा मुद्दा माझ्या दृष्टीने प्रीमियमच्या सगळ्या हिशेबांपेक्षा मोठा आहे. नुसत्या थर्ड पार्टी पॉलिसीत खासगी मोटारीत बसलेली माणसं धरली जात नाहीत. ती 'थर्ड पार्टी' आहेत असं जवळजवळ सगळे समजतात. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये हा फरक स्पष्ट केला. सर्वसमावेशक पॅकेज पॉलिसी, म्हणजे ज्याला आपण फर्स्ट पार्टी म्हणतो ती, असेल तर आत बसलेल्यांची जबाबदारी कंपनीवर येते, कायद्यापुरती किमान पॉलिसी असेल तर येत नाही. उघडी जीप, बाजूचे बाक, आडव्या वाटा. जीप कलंडली तर आधी इजा कुणाला होणार, हे तुम्हाला ठाऊक आहे. मित्राच्या उपचाराचा किंवा त्याच्या घरच्यांच्या भरपाईचा दावा मग थेट तुमच्यावर. इंजिनाच्या घोळामुळे पॅकेज पॉलिसी लांबणार असेल, तर तोवर मित्रांना नेऊ नका. निदान बिननावाच्या प्रवाशांसाठीचा वैयक्तिक अपघात विमा जोडून मिळतो का ते विचारा. तो माणशी २ लाखांपर्यंत मिळतो आणि माणशी खर्च शंभर रुपयांच्या आसपास असतो. आरसीवर जितकी आसनं तितकीच माणसं, एकही जास्त नको.

कच्च्या वाटेवर गाडी नेली म्हणून पॉलिसी बंद पडत नाही. पण शर्यत, वेगाची चाचणी, रिलायबिलिटी ट्रायल हे वगळलेलं असतं. क्लबच्या स्पर्धेत किंवा रॅलीत उतरणार असाल, तर त्या दिवसांसाठी रॅलीचं वेगळं एन्डॉर्समेंट (पॉलिसीला जोडायची नोंद) लागतं, ते आधी घ्या. आणि पर्यटकांना पैसे घेऊन फिरवू नका. खासगी जीप भाड्याने वापरली हे सिद्ध झालं की क्लेम गेला. 'फक्त डिझेलचे पैसे घेतले' हेही वादात सापडतं.

दोन टोकांच्या मधलाही एक पर्याय आहे, तो एजंट सहसा सांगत नाहीत: थर्ड पार्टी अधिक आग आणि चोरी. अपघाताची दुरुस्ती त्यात नाही, म्हणून ओन डॅमेजचा भाग बराच कमी होतो. ज्यांची जीप वर्षातले आठ-दहा महिने शेडमध्ये असते, त्यांना हा पर्याय शोभतो. जुन्या वायरिंगमुळे आग लागण्याची भीती अशा गाड्यांना खरोखरच असते, आणि उघडी जीप चोरायला सोपी. तुम्ही महिन्यातून तीनदा डोंगरात जाणार आहात, म्हणून तुम्हाला मी तो सुचवणार नाही.

कुठलाही पर्याय घ्या, पण मध्ये खंड पडू देऊ नका. पॉलिसी संपली की ओन डॅमेजसाठी गाडीची पुन्हा तपासणी लागते, आणि ९० दिवस उलटले की नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न घेतल्याबद्दलची सूट, शून्यावर येतो. तो २० टक्क्यांपासून सुरू होऊन सलग पाच वर्षं क्लेम न घेतल्यास ५० टक्क्यांपर्यंत जातो. आज महाग वाटणारा ओन डॅमेजचा प्रीमियम निम्म्यावर आणायची खरी वाट तीच आहे. किरकोळ खरचट्याचा क्लेम करण्याआधी हा बोनस जातो, हे मोजून बघा. विम्याशिवाय गाडी रस्त्यावर सापडली, तर पहिल्या वेळी २ हजार, पुढच्या वेळी ४ हजार रुपये दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्या दंडाहून मोठी गोष्ट म्हणजे विमा नसताना कुणाला इजा झाली, तर सगळी भरपाई घरातून जाते.

कागद पूर्ण असूनही एखादी कंपनी थर्ड पार्टी द्यायला नाही म्हणाली, तर नकार लेखी मागा. थर्ड पार्टी नाकारता येत नाही, त्यामुळे पुष्कळदा लेखी मागितल्यावरच काम होतं. नाहीच झालं तर कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे, मग इर्डाच्या बिमा भरोसा पोर्टलवर किंवा १५५२५५ या क्रमांकावर तक्रार करा. पुढे क्लेम अडला आणि कंपनीने महिनाभरात उत्तर दिलं नाही किंवा नाकारलं, तर विमा लोकपालाकडे जाता येतं. ५० लाखांपर्यंतच्या दाव्यांसाठी तिथे वकील लागत नाही, फीही नाही. पुण्यात त्यांचं कार्यालय आहे. नकार मिळाल्यापासून एक वर्षाच्या आत जायचं.

तुमचा क्रम असा ठेवा. या आठवड्यात गॅरेजमधून इंजिनाचे कागद आणि जुनं इंजिन ताब्यात घ्या. मग आरटीओत फॉर्म ३१, पासिंग आणि इंजिनाच्या नोंदीचा अर्ज, तिन्ही एकाच फेरीत विचारा. पासिंगला जीप न्यायची तर थर्ड पार्टी लागतेच, आणि ती बाबांच्या नावाने नको. वारस म्हणून तुमच्या नावाने कशी द्यायची, हे शाखेत जाऊन, आरसीच्या अर्जाची पोच दाखवून ठरवा. आरसी हातात आली आणि इंजिनाचा निकाल लागला की मूल्यांकन, मग पॅकेज पॉलिसी, आणि मग मित्रांना फोन.